गुरुप्रसादचा हत्ती

तोआ पायोह, सिंगापूर
११ मे २०२४

चि. निशिकांत यास,
ताईचे आशीर्वाद.

तुझे कान गेल्यापासून फोनवर बोलणं म्हणजे माझ्या शेजाऱ्यांची करमणूक झाली आहे, आणि मोबाइलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस. तेव्हा पुन्हा पत्र. या वयात मला पोस्टाच्या रांगेत उभं करतोस, हा पहिला राग नोंदवून ठेव.

बातमी अशी, की तुझी ताई आफ्रिकेला चालली आहे. सिंह बघायला. हसू नकोस. माझ्या सुनेचा, मीनलचा भाऊ, तो मरीन परेडचा गुरुप्रसाद, पन्नास वर्षांचा होतोय. माणसं पन्नाशीला पूजा घालतात, फार तर हॉटेलात जेवण देतात. याने दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी जंगलातलं लॉज घेतलंय आणि आम्ही सगळे पाहुणे. खासगी जंगल म्हणजे काय, असं मी त्याला विचारलं. तर म्हणाला की काकू, सरकारी जंगलात कोणीही येतं, इथे निवडक लोक असतात. म्हणजे सिंहसुद्धा याला चारचौघांतले चालत नाहीत.

तुला तो आठवत असेलच. सारंगच्या लग्नात हार घालायच्या वेळी तो तुला स्वतःचं घड्याळ दाखवत होता. माणूस तोच आहे, घड्याळ बदललंय. त्याच्या त्या महागड्या कॉन्डो फ्लॅटवर गेलं की आधी खिडकीपाशी नेऊन समुद्र दाखवतो, जसा काही सकाळी उठून त्यानेच भरून ठेवलाय. तुझ्या भाऊजींनी सगळा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला, पण त्यांनी कधी कोणाला समुद्र दाखवला नाही.

त्याची बायको उत्कर्षा हिने आम्हा सगळ्यांना एकसारखे खाकी कपडे पाठवलेत. फोटोत रंग जुळले पाहिजेत म्हणे. मी ते घालून आरशात बघितलं, तर इस्लामपूर स्टँडवरचा कंडक्टर समोर उभा.

मी नाहीच म्हणणार होते. पण सारंगची बँकेतली नोकरी फेब्रुवारीत गेली आणि गुरुप्रसाद त्याला जुलैपासून स्वतःच्या कंपनीत घेणार आहे. मीनलने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की आई, या वेळी तेवढं तोंड आवरा. आवरीन. किमयाला मात्र बारा वर्षांची असूनही अजून हत्तींचं वेड आहे. ती म्हणते, आजी, यू मस्ट कम, लाह. इथल्या इंग्रजीतल्या या लाडिक 'लाह'पुढे माझं काही चालत नाही.

सविताला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवत बसण्यापेक्षा उत्तर लवकर टाक.

तुझी
ताई


इस्लामपूर
२३ मे २०२४

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सविताने मोठ्याने वाचून दाखवलं, तरी मला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा स्वतः वाचलं. दोन्ही वेळा करमणूक झाली.

जन्मभर गुरांचा डॉक्टर म्हणून मी म्हशींच्या मागे उभा राहिलो. भल्या पहाटे, चिखलात, कोपरापर्यंत हात आत घालून. त्याला कोणी सफारी म्हटलं नाही आणि खाकी कपडेही पाठवले नाहीत. तू जाऊन ये. जनावरं चांगली असतात, त्यांना आपल्याबद्दल काही मत नसतं. तुला तेवढाच आराम.

एक विचारतो, रागावू नकोस. गुरुप्रसादवर तू अख्खं पान खर्च केलंस आणि सारंगची नोकरी गेली हे एका ओळीत उरकलंस. एकेचाळिसाव्या वर्षी घरी बसणं सोपं नसतं. तो कसा आहे, ते लिहिलं नाहीस. लिही.

थंडीचे कपडे ने. तिकडे आता हिवाळा आहे.

मोठेपणाचा तुझा हक्क मान्य करून, तुझा
निशी


लॉजवरून
९ जून २०२४

चि. निशिकांत यास,
आशीर्वाद आणि थंडीने वाजणारे दात.

कागदावर जिराफ छापलंय, त्याच्याकडे दुर्लक्ष कर. इथे टिश्यूपेपरवरही जिराफ आहे.

आम्ही तंबूत राहतो. तंबूत बाथटब आहे, झुंबर आहे, आणि उशीवर रोज एक चॉकलेट ठेवलेलं असतं. अंधारातच दार वाजवून उठवतात. मग उघड्या जीपमध्ये बसायचं, अंगावर ब्लँकेट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. अशा अवताराला इथे थरार म्हणतात. सिंह बघितला. झोपला होता. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर दुपारी असे पुष्कळ दिसतात. गुरुप्रसादने त्या झोपलेल्या प्राण्याचे इतके फोटो काढले, की शेवटी त्यालाच कंटाळा आला आणि त्याने कूस बदलली.

गुरुप्रसादच्या हिशोबाने जंगलात पाचच जनावरं आहेत. सिंह, बिबट्या, गेंडा, रेडा आणि हत्ती. बाकी सगळी भरताड. हरणांचा कळप दिसला की तो गाडी पुढे घ्यायला सांगतो. गाडी चालवतो तो लुंगेलो, आमचा गाइड. इथल्याच गावचा, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याला दोन मुली आहेत, हे किमयाने काढून घेतलं. गुरुप्रसाद त्याच्याशी टॅक्सीवाल्याशी बोलावं तसं बोलतो. टॅक्सीवाल्याशीही असं बोलू नये.

संध्याकाळी जंगलाच्या मधोमध टेबल मांडतात, त्यावर पांढरा कपडा आणि काजू. उत्कर्षा सूर्याकडे पाठ करून उभी राहते, कारण सूर्य तिच्या मागे यायला हवा. अशा लोकांसाठी तो बिचारा रोज मावळतो.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. काल पाणवठ्यावर एक जिराफ पाणी प्यायला आलं. किती वेळ इकडेतिकडे बघत राहिलं, मग पुढचे दोन्ही पाय हळूहळू फाकवून वाकलं. एवढं उंच जनावर, पण पाणी पिताना किती अवघडतं. मला एकदम भरून आलं. गुरुप्रसादला हे मी कळू दिलं नाही.

सारंग कसा आहे, विचारलंस. मेव्हण्याची कॅमेऱ्याची बॅग उचलतो आणि त्याच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसतो. पुरे.

११ जून

पत्र बंद करायचं राहिलं, ते बरंच झालं. अक्षर वाकडं आलंय, लावून घे.

काल सकाळी कॉफीसाठी जीप थांबली. पलीकडे, झाडीच्या कडेला हत्तिणी होत्या, बरोबर एक पिल्लू. लुंगेलोने आम्हाला खाली उतरवताना बजावलं की जीपच्या पलीकडे कोणी जायचं नाही, पिल्लू आहे. टेबल लावून झाल्यावर पुन्हा तेच सांगितलं. मी वयाने म्हातारी, इंग्रजीने अर्धवट, तरी मला समजलं. तो कॉफी ओतायला वळला आणि गुरुप्रसादने किमयाचा हात धरून तिला जीपच्या मागून पुढे नेलं. वाढदिवसाचा फोटो हवा होता, मामा, भाची आणि मागे हत्ती. उत्कर्षा फोटो काढत होती. मी हाक मारली, तर त्याने मला गप्प राहायची खूण केली.

एक हत्तीण वळली. कान पसरले. मग जो आवाज आला, तो मी जन्मात विसरणार नाही. ती धावत आली, निशी. आणि गुरुप्रसादने किमयाचा हात सोडला. सोडला म्हणजे झटकलाच. पोर त्याला धरून होती. तो पळत येऊन जीपवर चढला, माझ्या पायावर पाय देऊन. किमया तिथेच उभी.

सारंग खांद्यावरची बॅग टाकून धावला. हे लिहायलाच हवं. हत्तिणीच्या दिशेने धावला. पण लुंगेलो आधी पोचला. किमयाला पाठीशी घेऊन त्याने दोन्ही हात वर केले आणि ओरडला, टाळ्या वाजवल्या. धुळीत मला काही दिसेना. धूळ बसली तेव्हा हत्तीण थांबलेली होती. तिने मान झटकली, एक फांदी मोडली आणि पिल्लाकडे परत गेली. किमयाला खरचटलंदेखील नाही.

खरी घाण त्यानंतर. दुपारच्या जेवणाला गुरुप्रसादने लॉजच्या मॅनेजरबाईंकडे तक्रार केली, की गाइडने काहीच सांगितलं नव्हतं, उलट फोटोसाठी त्यानेच पुढे जायला सांगितलं. मुलांना असं नेलं तर इथे गाइडचं लायसन्स जातं. मॅनेजरबाईंनी आम्हाला एकेकाला विचारलं. लुंगेलो दाराबाहेर टोपी हातात धरून उभा होता. उत्कर्षा म्हणाली, मी कॅमेऱ्यात बघत होते. मीनल रडत होती, म्हणाली आठवत नाही. मग सारंगला विचारलं. माझ्या मुलाने टेबलक्लॉथकडे बघत सांगितलं की सगळं फार पटकन झालं, नक्की सांगता येणार नाही. हत्तीला न घाबरलेला माणूस मेव्हण्याला घाबरला.

मग मी बोलले. मोडक्या इंग्रजीत, पण सगळं. दोनदा बजावलं होतं म्हणून सांगितलं. आणि हेही सांगितलं की मुलीला सोडून हा माणूस कोंबडीसारखा पळाला. पंख फडफडवून दाखवले. मॅनेजरबाई हसल्या नाहीत, पण वाढप्या हसला.

आज सकाळपासून माझ्याशी कोणी बोलत नाही. किमया काल रात्री माझ्या कुशीत झोपली आणि झोपेत दचकत होती. उद्या निघतोय.

ताई


इस्लामपूर
२८ जून २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून किमयासाठी जीव खालीवर झाला. ती आता झोपते ना नीट? पहिल्यांदा तेवढंच कळव.

तू खरं सांगितलंस, ते तूच सांगू जाणे. गुरुप्रसादबद्दल आजवर तू जे लिहीत होतीस, त्यातलं निम्मं मी तुझ्या जिभेची खाज म्हणून सोडून देत होतो. आता सोडत नाही. पोरीचा हात झटकणाऱ्याला माझ्या लेखी किंमत नाही.

पण ताई, ती कोंबडी कशाला घातलीस? नुसतं खरं सांगितलं असतंस तर ती साक्ष झाली असती. कोंबडी घातल्यावर ते भांडण झालं. त्या बाईंना वाटलं असेल, ही म्हातारी याच्यावर आधीपासून टपून बसलेली आहे. आणि होतीसच की. तुझ्या त्या पंखांची किंमत लुंगेलोला मोजावी लागू नये.

सारंगला नावं ठेवलीस, त्यावर एवढंच म्हणतो. धावलाही तोच होता. दोन्ही सारंग तुझेच आहेत.

स्पष्ट लिहिल्याबद्दल रागाव, पण उत्तर लिही.

तुझा
निशी


तोआ पायोह
१४ जुलै २०२४

चि. निशिकांत यास,
आशीर्वाद, जरा हात आखडून.

किमया बरी आहे. शाळा सुरू झाली, झोपही लागते.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्या नावाने बडबडत होते. मग एक पत्र आलं, लॉजकडून, सगळ्यांना ई-मेलवर. चौकशी व्हायची आहे, प्रत्येक मोठ्या माणसाने काय पाहिलं ते लिहून पाठवावं. तोपर्यंत लुंगेलो कामावर नाही, घरी बसलाय. गुरुप्रसादची लेखी तक्रार आहे, उत्कर्षाने त्याच्यासारखंच लिहिलंय. दुसऱ्या बाजूला एकटी मी, पंखांसकट. तुझी कोंबडी मला तेव्हा टोचली.

त्यातच सारंग माझ्या खोलीत आला. म्हणाला की गुरुदादा अजून नोकरी द्यायला तयार आहेत, पण तू त्यांची माफी मागावीस आणि लॉजला लिहावंस की वयामुळे तुझी ऐकण्यात चूक झाली. हे सांगताना तो माझ्या पंख्याचं बटण चालूबंद करत होता. लहानपणी खोटं बोलताना शर्टाचं बटण फिरवायचा.

मी मरीन परेडला गेले. एकटी, बसने. गुरुप्रसादने आधी समुद्र दाखवला. सोफ्यामागे हत्तिणीचा फोटो लावलाय, भिंतभर. ती धावत येतेय आणि फोटोच्या एका कडेला किमयाचा खांदा दिसतो. समोर कोणीतरी पाहुणे बसले होते, त्यांना हा सांगत होता की एवढ्या जवळून हत्ती बघायला हिंमत लागते. पोरीचा खांदा भिंतीवर टांगून माणूस हिंमत सांगतो! पाहुणे मान डोलवत होते. कॉन्डोत पाहुणे मान डोलवायलाच येत असावेत.

ते गेल्यावर मी त्याला सांगितलं की कोंबडी मी मागे घेते, चारचौघांत तसं बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उजळला. मग म्हणाला, आणि बाकीचं? मी म्हटलं, बाकीचं तसंच आहे. तू दोनदा ऐकलंस आणि किमयाचा हात सोडलास. तर मला समजावत म्हणतो की काकू, त्या लोकांना दुसरी नोकरी मिळते, तुम्ही सारंगचा विचार करा. त्या लोकांना! मी चहा तसाच ठेवून उठले. चहा वाईट नव्हता.

घरी येऊन सारंगला काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे. मीही म्हटलं, ठीक आहे. माझं मी लॉजला लिहून पाठवलं, किमयाकडून इंग्रजी तपासून घेऊन. त्याने काय लिहिलं, मी विचारलं नाही. त्याच्यावर मी आता रागावतही नाही, निशी. रागवायला काहीतरी वाटावं लागतं.

धावला तोच, म्हणतोस. पाहिलंय मी. म्हणूनच जास्त लागतं.

ताई


तोआ पायोह
४ ऑगस्ट २०२४

ती. निशिमामांस,
सारंगचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला शेवटचं पत्र कॉलेजात असताना लिहिलं होतं, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. आईने तुम्हाला सगळं कळवलंच असेल. तिने माझ्याबद्दल जे लिहिलं असेल, ते बरोबर आहे.

तुम्हाला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. आई मला टोमणे मारत नाही. तुम्हाला हसू येईल. लहानपणापासून मी तिचे टोमणे खात आलो, माझ्या केसांवरून, माझ्या चालण्यावरून, माझ्या बँकेवरून. आता ती मला म्हणते, सारंग, तुला आणखी भात वाढू का? सारंग, तुला वेळ असेल तर जरा दिवा लावशील का? बाहेरच्या माणसाशी बोलावं तशी बोलते. मामा, मला ते सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात किमया आईचं लॉजला पाठवलेलं लिहिणं मला दाखवायला घेऊन आली. मला म्हणाली, पपा, यू ऑल्सो हर्ड, वॉट, म्हणजे तूही ऐकलंस की. मग तू का नाही लिहिलंस? तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर कळत नव्हतं. मी तिला नोकरीचं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. मला वाटलं, हिला हे समजलं तर फार वाईट होईल.

त्याच दुपारी मी लिहिलं. दोनदा बजावल्याचं, हात सोडल्याचं, आणि जेवणाच्या टेबलावर मी खोटं बोलल्याचंही. मीनलला वाचायला दिलं. भावाविरुद्ध होतं, तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली की हात सोडताना मीही पाहिलं. तिने खाली तेवढं लिहून आपलं नाव घातलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पाठवायच्या आधी मी गुरुदादांना फोन करून सांगितलं, पाठीमागून करायला नको म्हणून. ते ओरडले नाहीत. म्हणाले, तुझ्या आईसारखाच निघालास, आणि फोन ठेवला. नोकरीचा विषय तिथेच संपला. दुसऱ्या ठिकाणी अर्ज चालू आहेत. इथल्याच क्वीन्सटाउनजवळच्या एका ऑफिसात बोलावलंय, काम तात्पुरतं आहे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला बरं वाटावं म्हणून केलं, असं तिला वाटायला नको. तुम्हीही कळवू नका. मामींना नमस्कार. तुमचा आशीर्वाद असू द्या, त्याची सध्या गरज आहे.

तुमचा
सारंग


तोआ पायोह
२५ ऑगस्ट २०२४

चि. निशिकांत यास,
आशीर्वाद, या खेपेला हात मोकळा सोडून.

तुला सगळं माहीत होतं आणि तू मला कळवलं नाहीस, हा राग वेगळा ठेव, सवडीने काढीन. घरात बारा वर्षांची मुलगी असताना गुपित ठेवायला निघालेली तुम्ही माणसं! किमयाने मला सगळं सांगितलं, शेवटी 'डोन्ट टेल पपा, लाह' म्हणून.

गुरुवारी लॉजच्या मॅनेजरबाईंचं उत्तर आलं. लुंगेलो कामावर परतला. गुरुप्रसादने उत्कर्षाकरवी मीनलला कळवलंय की दिवाळीला येऊ नका. मीनल रडली. तिचा भाऊ आहे, रडणारच. मी तिच्यापाशी बसले होते. त्या माणसाबद्दल चांगलंसं काही आठवावं म्हणून प्रयत्न केला, पण जमेना, तेव्हा नुसतीच बसून राहिले. फोटो अजून भिंतीवर आहे म्हणे. पाहुणे येतात, बघतात, मान डोलवतात. त्याचं काही बिघडलेलं नाही, बिघडणारही नाही. असली माणसं अशीच म्हातारी होतात, छान तब्येतीत.

सारंगला क्वीन्सटाउनचं काम मिळालं, सहा महिन्यांचं. सोमवारपासून जाईल. आज रविवार, म्हणून पोहे मी करतो म्हणाला. मी बाहेर बसून होते. किमयाने मला सांगितलेलं त्याला माहीत नाही आणि मलाही काही बोलता येत नव्हतं. जन्मभर बोलत आलेली बाई मी, पण मुलाला शाबास कसं म्हणायचं, ते मला कधी आलंच नाही.

त्याने बशी आणून पुढ्यात ठेवली. निशी, पोहे म्हणजे नुसता लगदा. मी एक घास खाल्ला आणि म्हटलं की हे पोहे आहेत की भिंतीला पोपडे पडल्यावर भरतात ते? बँकेने तुला काढलं ते कशासाठी, हे आज कळलं.

मीनलने दचकून माझ्याकडे बघितलं. सारंग मीनलची बशी हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने बशी खाली ठेवली आणि डोळे पुसायला लागला. कांद्याने असेल, म्हणाला. मी म्हटलं, कांदा तरी धड चिरता येतो का तुला.

तो हसायला लागला, आणि मी आणखी वाढून घेतले.

सविताला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, पत्र न लिहिल्यास मात्र त्याची खात्री देता येणार नाही.

तुझी
ताई